पिथौरागढला जुनं दगडी घर घ्यावं का? विटा-आटपाडी-तासगावकडची गलाईवाली मंडळी, प्लीज सांगा

विट्याची_सून

नमस्कार मंडळी. सुट्टीला मुलांना घेऊन गावी आलेय, थोड्या दिवसांत परत निघणार, त्याआधी आपल्याकडच्या जाणत्या लोकांना विचारावं म्हणून लिहितेय. जरा लांबेल, सांभाळून घ्या.

आमचं गाव विट्याजवळ. सासऱ्यांपासून गलाईचा धंदा (सोनं-चांदी वितळवून शुद्ध करायचा), दुकान पिथौरागढला. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते, उत्तराखंडचं पार पूर्वेचं टोक, पलीकडं नेपाळ. रेल्वे टनकपूरपर्यंतच, तिथनं पुढं दीडशे किलोमीटर सगळा घाट. मिरजेत गोवा एक्स्प्रेसला बसायचं, दिल्लीला उतरायचं, आनंद विहारहून बस पकडायची, आणि पावसाळ्यात दरड आली की रस्त्यातच बसून राहायचं. उंची महाबळेश्वरपेक्षा जास्त, डिसेंबर-जानेवारीत रात्री पारा शून्याजवळ जातो, सकाळी बाहेर ठेवलेल्या बादलीवर बर्फाचा पापुद्रा असतो. आता सवय झालीय म्हणा, मुलं तिथंच जन्मली, त्यांना गावची उष्णताच सोसत नाही.

इतकी वर्षं भाड्यानं राहतोय. आता बाजाराच्या वरच्या अंगाला एक जुनं घर विकायला निघालंय. दुमजली, दगड-मातीचं, छपरावर पटाल (पाटीच्या दगडाच्या फरश्या असतात त्या), खाली गोठ म्हणजे जनावरांची जागा, वर चार खोल्या, दाराच्या चौकटीवर इतकं सुंदर कोरीव काम की आता तसं कोण करून देणार. जागा साधारण एक नाली. मालक वारले, मुलं दिल्ली-लखनौला, मुलगी बरेलीला, घर बरीच वर्षं बंद. ३५ लाख मागतायत, कमी होतील असं वाटतं.

आता अडचणी. मागची भिंत डोंगराला लागून, तिला कायम ओल. एका कोपऱ्यात भिंतीला पोट आलंय. छपरातनं गळतं, माकडांनी पटाल सरकवलेत. रस्त्यापासून घरापर्यंत पायऱ्या आहेत, गाडी जात नाही.

घरात दोन मतं. ह्यांचं म्हणणं घेऊ, डागडुजी करू, खाली दुकानाची भट्टी टाकू म्हणजे दुकानाचं भाडंपण वाचेल. सासूबाई आणि मोठे दीर म्हणतात की परमुलखात, त्यात भूकंपाच्या भागात, पडकं घर कशाला, तेच पैसे गावी बंगल्यात घाला. मला स्वतःला ते घर फार आवडलंय पण मुलांना घेऊन त्या भिंतींच्या आत झोपायचं म्हटलं की पोटात गोळा येतो. काय करावं?

---

तासगावकर_हल्द्वानी

वहिनी, आधी कागद, मग घर. आम्ही हल्द्वानीत ह्याच धंद्यात आहे, वडिलांनी पण इकडंच घर घेतलं त्यामुळे ही सगळी कसरत बघितलीय.

पहिलं, ते घर नगर निगमच्या हद्दीत आहे का बघा. हद्दीत असेल तर बाहेरच्या माणसाला घ्यायला तशी अडचण नाही. हद्दीबाहेर असेल तर बाहेरच्या राज्यातल्या कुटुंबाला राहण्यासाठी फक्त २५० चौरस मीटर, ते पण आयुष्यात एकदाच, आणि २०२५ ला कायदा आणखी कडक झालाय, हरिद्वार आणि उधमसिंहनगर सोडून बाकीच्या ११ जिल्ह्यांत शेतजमीन-बागायत बाहेरच्यांना मिळतच नाही. पिथौरागढ त्या ११ त येतं. एक नाली म्हणजे साधारण २०० चौरस मीटर, आपले दोन गुंठे धरा, म्हणजे तशी बसते मर्यादेत. पण "हे शहरातच आहे" असं दलाल तोंडानं म्हणाला म्हणून धरून चालू नका, खतौनी (आपल्या सातबाऱ्यासारखा उतारा) हातात घ्या आणि निगमच्या कार्यालयात दाखवा. जागा नजूलची म्हणजे सरकारी पट्ट्याची नाही ना हे पण तिथंच कळेल.

दुसरं आणि सगळ्यात महत्त्वाचं, तिकडं डोंगरात गोल खाता नावाचा प्रकार असतो. आजोबा-पणजोबाच्या नावावर खातं, खाली पंधरा-वीस जणांची नावं, कुणाचा हिस्सा कुठला ते कागदावर नाहीच, सगळं तोंडी. विकणारा म्हणतो माझाच हिस्सा आहे, तुम्ही पैसे देता, छप्पर बदलता आणि मग मुंबईचा चुलतभाऊ उगवतो. त्यामुळे वारस किती, सगळ्यांची नावं दाखिल-खारिजला (आपल्याकडचा फेरफार) लागलीत का, ते बघा. बरेलीच्या मुलीला अजिबात विसरू नका. शहरातलं घर आहे, वडील मृत्युपत्र न करता गेले असतील तर तिचा वाटा भावांच्या बरोबरीनं आणि आई हयात असेल तर आईचा पण. सगळ्यांच्या सह्या बैनाम्यावर (खरेदीखतावर) पाहिजेत.

मुखत्यारपत्रावर घर देतो, पैसे आत्ता द्या आणि रजिस्ट्री नंतर बघू, असं कोण म्हणालं तर तिथंच उठा. सुप्रीम कोर्टानं २०११ लाच सांगून टाकलंय की नुसत्या मुखत्यारपत्रानं मालकी येत नाही. वकिलाकडून बारा साला काढून घ्या, म्हणजे १२ वर्षांचा सर्च. आणि घर तुमच्या नावावर घ्या वहिनी, बाईच्या नावाला स्टॅम्प ड्युटीत सवलत आहे, आणि सवलत नसती तरी मी हेच सांगितलं असतं.

---

ओळंबा

ताई, तुमचा प्रश्न वाचला आणि राहवलं नाही. सांगलीत वालचंदमधून सिव्हिल केलं आणि बाहेर पडल्या पडल्या किल्लारीच्या भागात दुरुस्ती-मजबुतीकरणाच्या कामावर गेलो, त्यामुळे दगड-मातीच्या भिंती हा माझ्या जिवाचा विषय आहे.

३० सप्टेंबर १९९३, विसर्जनाची रात्र संपून पहाट होत होती, माणसं दमून झोपलेली, आणि हजारो माणसं स्वतःच्याच घराच्या भिंतीखाली गेली. तो भूकंप काही जगातला फार मोठा नव्हता. मारलं ते भिंतींनी आणि माळवदानं. दोन-अडीच फूट जाड भिंत बघून माणसाला वाटतं किती भक्कम, पण ती एक भिंत नसतेच, आतला एक थर आणि बाहेरचा एक थर, मध्ये चिपा आणि माती भरलेली. दोन्ही थरांना बांधून ठेवणारा आरपार दगड नसेल तर हादऱ्यानं दोन्ही थर एकमेकांपासून सुटतात, बाहेरचा बाहेर पडतो, आतला आत. वरनं छपराचं वजन. तुम्ही जे म्हणताय ना भिंतीला पोट आलंय, ते हेच, थर सुटायला लागलाय. भूकंपाची पण वाट बघायची गरज नाही, दोन जोराचे पावसाळे पुरतात.

आणि पिथौरागढ भूकंपाच्या बाबतीत आपल्या देशातल्या सर्वांत धोक्याच्या पट्ट्यात येतं. १९९१ ला उत्तरकाशी, १९९९ ला चमोली, ही सगळी त्याच हिमालयाच्या रांगेतली. साताऱ्याकडच्या जुन्या माणसांना विचारा ११ डिसेंबर १९६७ ची कोयनेची पहाट, अजून बोलतात.

हे सगळं घाबरवायला सांगत नाहीये. उलट माझं मत असं की घर घेण्यासारखं असू शकतं, पण तुम्ही छपराकडं आणि चौकटीकडं बघताय, बघायचं आहे भिंतीकडं आणि मागच्या डोंगराकडं. परत गेलात की एक चांगला म्हातारा गवंडी घेऊन जा आणि ह्या गोष्टी करा:

कोपऱ्यात वरनं ओळंबा सोडा. पोट किती इंच बाहेर आलंय ते मोजून लिहून ठेवा. भिंतीवर हातोडीनं हलकं ठोकत जा, जिथं पोकळ आवाज येतो तिथं खडूनं गोल करा, गोल एका कोपऱ्यापुरते आहेत का भिंतभर ते कळेल. भेगा असतील तर भेगेवर आडवी काचेची पट्टी दोन्ही टोकांना प्लॅस्टरनं चिकटवा, वर तारीख लिहा. पट्टी तुटली तर भिंत अजून चालतेय. तुळयांची जी टोकं भिंतीत घुसलेली असतात तिथं टोच्या खुपसून बघा, देवदार मधे ठणठणीत असतो पण भिंतीतल्या ओलीनं टोकं कुजतात आणि वरनं रंग मारला की कळत नाही.

मग डोंगर. घराच्या मागं जाऊन उभं राहा. झाडं बुंध्यात वाकून मग सरळ वर गेलीत का? अंगणात लांबलचक चीर आहे का? शेजाऱ्यांना विचारा की दर पावसाळ्यानंतर दारं घासायला लागतात का. ह्यातलं दोन-तीन गोष्टींना हो आलं तर घर कितीही सुंदर असो, सोडून द्या. भिंत दुरुस्त होते, सरकणारा डोंगर तुमच्या-माझ्या पैशानं थांबत नाही.

डोंगर स्थिर असेल तर मग इलाज आहेत. पोट आलेला भाग टेकू लावून उतरवायचा आणि परत बांधायचा, आरपार दगड घालून. बाकी भिंतीला जागोजाग भोक पाडून, आकडा वळवलेली सळई घालून काँक्रीट भरायचं, किल्लारीकडं हेच केलं, बाहेरचा आणि आतला थर त्यानं बांधला जातो. दारं-खिडक्यांच्या वर आणि छपराच्या खाली चारही भिंतींना गुंडाळून जाळीचा भूकंपरोधक पट्टा, आतनं आणि बाहेरनं, कोपऱ्यात न तोडता. छपरातली पटालखालची माती काढून वजन कमी करायचं. हे सगळं स्ट्रक्चरल इंजिनिअरच्या ड्रॉइंगवर करा, गवंड्याच्या अंदाजावर नको. ह्यात मिळून जो खर्च येईल तो घराच्या किमतीतनं वजा करून मगच बोली लावा.

---

कडेगावचा_बाळू

एवढं सगळं करण्यापेक्षा पाडून आरसीसी का नाही बांधत? एकदाच खर्च आणि डोक्याला ताप नाही. आमच्या पाहुण्यांनी तिकडंच चार मजली बांधलं, मस्त आहे.

---

ओळंबा

बाळू, आरसीसी चांगलं असतं, डिझाईन केलेलं असेल तर. उतारावर पुढचे कॉलम लांब आणि मागचे आखूड असं घर असतं तेव्हा भूकंपाचा जोर सगळा आखूड कॉलमवर येतो आणि ते आधी फुटतात. कॉलमच्या सळयांभोवतीच्या रिंगा किती अंतरावर, आकडा आत वळवला का, हे कोण बघतं? गवंडी म्हणतो आठ इंचाला एक पुरे, आणि झालं. चार मजली मस्त दिसतंय ही काही तपासणी नाही.

दुसरं, त्यांच्या घराला गाडीरस्ता नाही. वाळू, खडी, सिमेंट, स्टील सगळं खच्चरावर नाहीतर माणसाच्या पाठीवर जाणार. तिथं जागेवर जो दगड आहे तो फुकटचा आहे. पाडलं की तो राडारोडा खाली न्यायला पण पैसे. म्हणून मी म्हणतो की भिंती सत्तर-ऐंशी टक्के बऱ्या असतील तर दुरुस्ती, अर्ध्याच्या वर गेल्या असतील तर हे घर घेऊच नका, कारण मग तुम्ही फक्त जागा घेताय आणि जागेचे ३५ लाख जास्त होतात.

आणि थंडी. जाड भिंत, बुटकी खोली, छोटी खिडकी, हे तिथल्या लोकांनी उगाच केलेलं नाही. दिवसा ऊन खाल्लेली भिंत रात्रभर खोली धरून ठेवते. सहा इंची काँक्रीट भिंतीच्या घरात जानेवारीत राहून बघा.

---

मिरजमाहेर_स्टाफनर्स

बाकी बांधकामाचं मला कळत नाही पण एका वाक्यावर नजर अडकली, खाली गोठात भट्टी टाकू. ताई, प्लीज हे करू देऊ नका. तेजाबात (नायट्रिक ॲसिडमध्ये) चांदी-तांबं विरघळवताना जो तांबूस धूर निघतो तो नायट्रोजन डायऑक्साइड, तो हवेपेक्षा जड असतो, खालच्या बुटक्या खोलीत साचून राहतो आणि लाकडी तक्तपोशीच्या फटीतनं वर झोपायच्या खोलीत येतो. ह्याचा त्रास लगेच कळत नाही हेच वाईट, दुपारी थोडा खोकला, घसा खवखवला म्हणून सोडून देतात आणि रात्री फुप्फुसात पाणी व्हायला लागतं. मिरजेत गलाईची माणसं गावी आल्यावर छाती दाखवायला येतात, तरुण पोरं असतात हो. भट्टी राहत्या घरात नकोच, भाडं जाऊ दे. दुकानात पण धूर ओढणारा पंखा आणि उंच चिमणी पाहिजे.

आणि तिकडं ती सगड असते ना, लोखंडी शेगडी कोळशाची, ती रात्री बंद खोलीत घेऊन झोपायचं नाही म्हणजे नाही. दर हिवाळ्यात डोंगराकडनं बातम्या येतात, अख्खं कुटुंब सकाळी उठलंच नाही. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. भिंतीच्या भेगा बुजवल्या, खिडक्या घट्ट केल्या की धोका उलट वाढतो, कारण आधी फटीतनं हवा तरी यायची. चिमणी बाहेर काढलेली बुखारी (बंदिस्त शेगडी) बसवा, आणि तरीसुद्धा झोपताना विझवा.

---

आटपाडीचा_थोरला

मी वेगळंच बोलतो. आमच्या गावात संध्याकाळी फिरायला निघा, गलाईवाल्यांचे बंगले बघा. ग्रॅनाइट, काचा, वर वॉटर टँकला विमान. आणि दाराला कुलूप. वर्षातनं जत्रेला आठ-दहा दिवस उघडतात, मुंबई-कोइमतूर-सिलिगुडीहून माणसं येतात, जेवणावळ होते आणि परत कुलूप. आणि हीच माणसं तिकडं एका खोलीत सहा जण, भट्टीशेजारी झोपतात. माझ्या वडिलांनी आयुष्य असंच काढलं. गावात आमचा दुमजली बंगला होता आणि वडील दमा घेऊन भाड्याच्या खोलीत गेले.

सासूबाईंचा मुद्दा मी समजू शकतो, गावात घर असलं की माणूस आपला वाटतो, पोरांची लग्नं जमवताना विचारतात. पण वहिनी, तुमची मुलं जिथं शाळेत जातात आणि तुम्ही जिथं हिवाळे काढता ते घर धड करा आधी. गावी दोन खोल्या नीट ठेवा, पुरेत.

---

विट्याची_सून

सगळ्यांचे मनापासून आभार. आटपाडीच्या दादांचं तर मी सासूबाईंना वाचून दाखवलं. त्या काही बोलल्या नाहीत पण थोड्या वेळानं म्हणाल्या की बरेलीच्या पोरीला फोन कर आधी, तिला विचारलं का कुणी.

केला. तिला माहीतच नव्हतं की भाऊ घर विकतायत! नगर निगमच्या हद्दीत आहे एवढं नक्की, घरपट्टीची पावती मालकाच्या नावानं आहे. खतौनी अजून बघितलेली नाही. भट्टीचं ह्यांच्याशी बोलले, थोडी वादावादी झाली पण मुलांच्या झोपायच्या खोलीखाली तेजाब नको हे पटलंय.

ओळंबा दादा, दोन प्रश्न. मागच्या भिंतीच्या ओलीचं काय करायचं? तिथला मिस्त्री म्हणतो आतनं वॉटरप्रूफ सिमेंटचा गिलावा मारून देतो, एका आठवड्यात काम. आणि काम कुठल्या महिन्यात काढावं?

---

ओळंबा

सिमेंटचा गिलावा आतनं अजिबात मारू देऊ नका. डोंगरातनं पाणी येतच राहणार, आत यायची वाट बंद केली की ते भिंतीतच बसणार, मातीचा सांधा लोण्यासारखा मऊ होणार आणि गिलाव्याच्या मागं भिंत कधी खचली ते कळणार पण नाही. पाणी बाहेरच्या बाहेर काढायचं. भिंत आणि डोंगर यांच्यात दोन-तीन फुटांची मोकळी गल्ली करायची, तळाला उतार देऊन गटार, डोंगराच्या बाजूला पुश्ता (तिकडं रिटेनिंग वॉलला हेच म्हणतात) आणि त्या पुश्त्यात पाणी निघायला भोकं. खोदताना एकदम सगळी लांबी उघडी करायची नाही, चार-पाच फुटांच्या टप्प्यानं, नाहीतर भिंतीचा आधारच जाईल. मग भिंत पुरती वाळू द्यायची. आत-बाहेर दरजा चुन्यानं भरायच्या, गिलावा पण चुन्याचा. चुना भिंतीला श्वास घेऊ देतो.

महिने: जून अर्ध्यापासून सप्टेंबर अर्ध्यापर्यंत काही उघडायचं नाही, माल पण अडकतो रस्त्यात. डिसेंबर-जानेवारीत चुना-सिमेंट दोन्ही थंडीनं धरत नाही. म्हणजे ऑक्टोबर-नोव्हेंबर आणि मार्च ते मे, एवढंच हातात. ऑक्टोबरला गल्ली आणि गटार, मार्चला भिंत आणि छप्पर, असं दोन टप्प्यांत धरा. छप्पर करताना पटाल परत वापरता येतील तेवढे वापरा, खाली पाट्या आणि लाकडी सीलिंग, मधली पोकळी भरून घ्या. नुसता पत्रा टाकला तर हिवाळ्यात आतनं दव गळेल. पाण्याचा पाइप उत्तरेच्या भिंतीवरनं नेऊ नका, उन्हाच्या बाजूनं घ्या आणि गुंडाळा.

---

तासगावकर_हल्द्वानी

बरेलीच्या ताईंना माहीत नाही म्हणजे तर मग बयाना (टोकन) एक रुपया पण द्यायचा नाही वहिनी, भाऊ कितीही घाई करू देत, "दुसरं गिऱ्हाईक आलंय" म्हणतीलच. वारसांची नावं दाखिल-खारिजला चढू द्या, त्याला वेळ लागतो, लागू दे. तोपर्यंत ह्या इंजिनिअर दादांचं काचेच्या पट्टीचं काम करून घ्या, मालकाची परवानगी घेऊन, म्हणजे एक पावसाळा भिंतीवरनं जाऊन कळेल पण. आणि परत जाताना हल्द्वानीवरनं जा, आमचा वकील रजिस्ट्रीची कामं करतो, खतौनी त्याला दाखवू.

---

ओळंबा

हो, पावसाळा जाऊ द्याच. पट्ट्या जूनच्या आधी लावा. आणि भिंतीचे फोटो इथं टाका, मागची बाजू, पोट आलेला कोपरा आणि तुळयांची टोकं, प्रत्येक फोटोत शेजारी मोजपट्टी धरून.